आईचे गुरुवार आणि उपाशी पेंग्विन

केप टाउनला जाऊन आल्याचं कळलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "फार लांब पडलं असेल ना?" पडलं. विशेषतः सर्जापूर रोडवरच्या आमच्या घरापासून बेंगळुरूच्या विमानतळापर्यंतचा टप्पा. बेळ्ळंदूरच्या सिग्नलला आम्ही इतका वेळ उभे होतो की शेजारच्या गाडीतल्या कुटुंबाची नीट ओळख झाली, मुलांची शिक्षणं विचारून झाली, आणि अखेर सिग्नल सुटला तेव्हा आईने त्यांना खिडकीतून "येत चला हं घरी" असं सांगितलं. त्यापुढची दोन विमानं आणि मधल्या विमानतळावरचे सहा तास यांत एवढी माणुसकी नव्हती, म्हणून ते गाळतो.

निघालो आम्ही तिघं. मी, वय त्रेपन्न. एका कंपनीत सगळे संगणकावर काम करतात आणि मी त्यांच्या लिफ्ट, खुर्च्या आणि कॅन्टीन सांभाळतो. कॅन्टीन जरा जास्त जवळून सांभाळतो, हे मला बाजूने पाहिलं की कळतं. दुसरी माझी बायको शैला, बेळगावची, म्हणजे बोलणं खणखणीत. आणि तिसरी आई, वय शहात्तर. आमचं घराणं तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत आलं आणि परतायचं विसरलं. आईचं माहेर चिकपेटातल्या एका गल्लीत आणि सासर पुढच्या गल्लीत. तिच्या दृष्टीने 'परगाव' म्हणजे सर्जापूर रोड, जिथे ती आता नाइलाजाने आमच्याबरोबर राहते. मग केप टाउन काय नि काय.

जायचं कारण म्हणजे आमची मुलगी, पुट्टी. कन्नडमध्ये पुट्टी म्हणजे छोटी. ती सत्तावीस वर्षांची आणि माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. ती जनावरांची डॉक्टर. वर्षभरासाठी तिकडच्या एका समुद्रपक्ष्यांच्या दवाखान्यात कामाला गेली आहे. तिचे रुग्ण म्हणजे बहुतेक पेंग्विन.

या प्रवासात मला एकच काम दिलेलं होतं: आईला उपास करू द्यायचा नाही.

ते असं. आई मार्गशीर्षातले गुरुवार करते. महालक्ष्मीचं व्रत. पाटावर तांब्या मांडायचा, त्यात पाच झाडांच्या डहाळ्या, पुढे देवीची तसबीर, संध्याकाळी दिवा लावून पोथी वाचायची आणि मग जेवायचं. पुष्कळ घरी दूध, फळं, साबुदाणा चालतो. आईच्या सासरी चालत नाही. दिवा लागेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. आईच्या ओटीत नारळ घालून तिच्या सासूबाईंनी हा नेम तिला दिला, त्याला पंचावन्न वर्षं झाली. एकदाही मोडलेला नाही. माझा जन्म अशाच एका गुरुवारी दुपारी झाला आणि आई दिवा लागल्यावर जेवली, हे मला प्रत्येक वाढदिवसाला ऐकवलं जातं.

पण आता आईला साखर आहे. गेल्या वर्षी तिसऱ्या गुरुवारी सकाळची गोळी घेऊन ती उपाशी राहिली आणि भर दुपारी स्वयंपाकघरात कोसळली. ओट्याची कड कपाळापासून चार बोटांवरून गेली. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर दरवेळी कुणी घरात असेलच असं नाही. तेव्हापासून गुरुवार आला की शैला आणि मी पहारेकरी.

निघण्याआधीच्या पहिल्या गुरुवारी आईने निमूटपणे नाश्त्याची बशी घेतली आणि बाल्कनीत जाऊन रिकामी करून आणली. आम्हाला वाटलं, जिंकलो. पण विमानतळावर तिची बॅग यंत्रातून गेली तेव्हा पडद्यावर तांब्याचा आकार स्वच्छ दिसला.

"आई, हे काय?"

"लक्ष्मी आहे. ती काय एकटी घरी राहील?"

"उपास नाही करायचा हं."

"सरी, सरी. पूजा तर करू देशील?"

सरी म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे. आईच्या तोंडी त्याचा अर्थ 'विषय बंद' एवढाच असतो, हे मला त्रेपन्न वर्षांत समजायला हवं होतं.

शनिवार ते बुधवार

पुट्टीचं घर सायमन्स टाउनला, केप टाउनच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर. डोंगराच्या अंगावर दोन खोल्या, खाली निळा उपसागर. डिसेंबर म्हणजे तिकडे उन्हाळा. वारा मात्र असा की पहिल्याच दिवशी शैलाने वाळत घातलेला माझा बनियन तीन घरं सोडून एका म्हाताऱ्या गोऱ्या बाईंच्या कुंपणावर सापडला. त्यांनी तो घडी करून आणून दिला, आणि घडी उलगडून त्याची रुंदी एकदा डोळ्यांनी मोजली, असं मला उगाचच वाटलं.

आईची पंचाईत वेगळीच झाली. सहाच्या सुमारास ती दिवा लावायला उठली, तर बाहेर लख्ख ऊन. सात वाजले, तरी ऊन. आठच्या पुढे कुठे सूर्य डोंगरामागे गेला.

"अय्यो, या गावचा सूर्य घरी जायलाच तयार नाही," आई म्हणाली. तेव्हा मी हसलो. पुढे त्याची पुरती वसुली झाली.

चार दिवस छान गेले. आम्ही टेबल माउंटनवर गेलो आणि ढगात उभे राहून एकमेकांचे फोटो काढले. त्यात सगळं पांढरं आहे आणि एके ठिकाणी शैलाची ओढणी दिसते. इंडोनेशिया-मलेशियाकडच्या लोकांच्या जुन्या वस्तीत एका खानावळीत रस्सा आणि पोळीसारखा एक पदर सुटणारा प्रकार खाल्ला. त्या लोकांना तिकडे आणलं ते तीनशे वर्षांपूर्वी, जुलमाने. आमच्यासारखे आपल्या पायांनी नाही आले. तरी त्यांच्या रश्श्यात दालचिनी टिकून आहे आणि आमच्या आमटीत गोडा मसाला. वाढणाऱ्या बाईंना आईने खुणेनेच विचारलं, यात बडीशेप का? त्यांनीही खुणेनेच होय म्हटलं. भाषा आडवी आली नाही.

बुधवारी पत्रीची शोधाशोध. तिकडे डोंगरावरचं पान तोडायला बंदी. शेवटी त्या बनियनवाल्या बाईंनीच आपल्या बागेतून लिंबू, अंजीर, पेरू, तुती आणि द्राक्षवेल अशा पाच डहाळ्या दिल्या. आंबा नाही म्हणून आई जरा खट्टू झाली. "देवी परदेशात आली आहे, चालवून घेईल," शैला म्हणाली.

रात्रीच्या जेवणाला मी चौथी पोळी घेतली तेव्हा पुट्टी माझ्याकडे डॉक्टरी नजरेने बघत म्हणाली, "बाबा, तुम्ही पिसं झडायच्या आधीच्या पेंग्विनसारखे दिसताय."

मग तिने सांगितलं. बाकीचे पक्षी पिसं थोडी थोडी बदलतात. पेंग्विन एकदम सगळी बदलतो. जुनी गळून नवी येईपर्यंत अंगात पाणी शिरतं, त्यामुळे समुद्रात जाता येत नाही. आणि समुद्रात जाता येत नाही म्हणजे जेवण नाही. तीन आठवडे तसाच किनाऱ्यावर उभा. म्हणून त्याआधी कित्येक आठवडे तो नुसता मासे खातो. कातडीखाली चरबीचा थर साठवतो, छातीचे स्नायू जाड करतो. शेवटी शेवटी इतका गोल होतो की चालताना स्वतःच्याच पोटावरून पाय दिसत नाहीत.

"तीन आठवडे?" आईने घास हातातच धरला. "आणि फळबिळ काही नाही?"

"काही नाही, आजी. निम्मं वजन जातं त्याचं."

"याला म्हणतात उपास," आई म्हणाली. तिच्या आवाजात एका गवयाने दुसऱ्याची तान ऐकावी तशी दाद होती. मग माझ्या ताटाकडे बघून, "म्हणजे आपल्या माधूसारखाच की तो. साठवण सगळी तीच. फक्त हा पुढे उपास करत नाही."

आपल्यात म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. पेंग्विन दुप्पट खातो ते एकादशीच्या आधी. मी आधीही खातो आणि नंतरही, एवढाच काय तो फरक. आई स्वतः त्या रात्री दोन फुलके खाऊन उठली. नेहमीसारखीच.

गुरुवार

सकाळी पूजा झाली. शैलाने उपीट केलं होतं. आई गोळी घेऊन, बशी घेऊन व्हरांड्यात समुद्र बघत बसली आणि रिकामी बशी घेऊन आत आली. मी तीन बशा खाल्ल्या. पहारेकऱ्याला ताकद लागते.

दहाच्या सुमाराला पेंग्विनच्या किनाऱ्यावर गेलो. हत्तीएवढे गुळगुळीत धोंडे, मधेमधे वाळू, आणि वरून लाकडी फळ्यांचा रस्ता, कठड्यासह. खाली जिकडे तिकडे पेंग्विन. बर्फ नाही, काही नाही, भर उन्हात. ओरडतात गाढवासारखे. जोडीजोडीने चालतात, आणि पुढचा थांबला की मागचा त्याच्यावर आपटतो. थेट चिकपेट. फक्त कुणी "साडी बघा अक्का" म्हणत नव्हतं.

फळ्यांना लागूनच एका झुडपाखाली एक जण वेगळा उभा होता. त्याची जुनी पिसं फाटक्या गादीतल्या कापसासारखी निघाली होती, डोक्यावर एक तुरा राहिला होता, आणि भोवती पिसांचं रिंगण पडलं होतं. डोळे अर्धे मिटलेले. कुणी फोटो काढो, पोरं ओरडोत, तो हलत नव्हता.

"याला पाच-सहा दिवस झाले असतील," पुट्टी म्हणाली. "हालचाल केली तर साठा लवकर संपतो. म्हणून नुसता उभा."

आई त्याच्यासमोरच्या बाकावर बसली. "तुम्ही फिरा. मी इथेच बसते."

साडेअकराला मला भूक लागली. खरं तर अकराला लागली होती, पण मी अर्धा तास संयम राखला. पुट्टी आणि शैला धोंड्यांकडे गेल्या आणि मी गाड्या लावतात तिथल्या टपरीवर. सायमन्स टाउनचा तळलेला मासा आणि बटाटे, असं मी गेले दोन महिने मनाशी घोकत होतो. गुरुवार म्हणून मासा गेला. त्या दुःखात मी बटाट्याचं सगळ्यात मोठं पार्सल घेतलं.

परत येतो तो आईभोवती चार माणसं. तिथल्या पहारेकरी बाई, नाव नोम्सा, कठड्यापाशी उभ्या राहून अगदी नम्रपणे पण ठामपणे सांगत होत्या, "मामा, नाही. त्यांना खायला द्यायचं नाही." तिकडे वडीलधाऱ्या बाईला मामा म्हणतात, म्हणजे आई. आपल्याकडच्या अक्कासारखंच. आणि आईच्या हातात होता कागदी रुमाल, आणि रुमालात सकाळचं उपीट. अख्खं.

झुडपाखाली पेंग्विनच्या पायाशी एक मूद पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं.

पुट्टीला घेऊन शैला धावत आली. तिने एकदा रुमालाकडे पाहिलं आणि एकदा आईकडे.

"आई, हे तुमचं उपीट."

"त्याला तीन आठवडे उपाशी राहायचंय," आई म्हणाली. "माझ्याकडे होतं. उपासाच्या दिवशी भुकेल्याला घालावं." मग पेंग्विनकडे बघून, "पण तोही पक्का आहे."

"आणि मागच्या गुरुवारचं? बाल्कनीतलं?"

"कावळ्यांना."

मी काही बोलणार होतो. पण आईच्या कपाळावर घाम दिसला. इतक्या गार वाऱ्यात घाम. शैलाच्या पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र असतंच. आकडा आला बावन्न. पुट्टीचा चेहरा बदलला. तिने टपरीवरून साखरेच्या पुड्या आणि पाणी आणलं, विरघळवलं आणि आईच्या तोंडापाशी धरलं. आईने ओठ मिटून घेतले.

"आई, प्लीज," मी म्हणालो.

"पंचावन्न वर्षं, माधू."

पुट्टी तिच्यासमोर फळ्यांवर मांडी घालून बसली. "आजी, एक ऐक. एकच मिनिट. खाली बर्फात याचे मोठे भाऊबंद राहतात. त्यांच्यातला बाप पायांवर अंडं घेऊन उभा राहतो. चार महिने उपाशी."

"चातुर्मास," आई पुटपुटली.

"चातुर्मास. आधी तो काय जाळतो? डब्यातलं. मग कोठीतली चरबी. ती संपली की उरतात घराचे वासे, म्हणजे स्नायू. आणि वाशांना हात लागला, की त्याचं शरीरच त्याला सांगतं, आता नीघ. तो अंडं सोडतो आणि समुद्राकडे जातो."

आईने डोळे उघडले. "अंडं सोडून? मेला!"

"नाही सोडलं तर तो मरतो, आजी. मग अंडंही नाही आणि तोही नाही. सोडलं तर पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. तुझी कोठी संपली आहे. तू वासे जाळते आहेस."

नोम्साबाईंना मराठी कळत नव्हतं, पण त्या आमच्याबरोबरच श्वास रोखून उभ्या होत्या.

"आणि बायको कुठे असते त्याची?" आईने विचारलं.

"जेवायला गेलेली असते. ती वेळेवर आली तर सोडावं लागतच नाही. ती अंडं आपल्या पायांवर घेते."

आईने शैलाकडे बघितलं. पंचावन्न वर्षांपूर्वी हा नेम सासूने सुनेला दिला होता, त्यामुळे नजर तिकडे जाणारच.

"आई, मी तुमच्यासाठी काहीही करीन," शैला म्हणाली, "पण मला पित्त आहे. अकराला खाल्लं नाही तर उलट्या होतात, तुम्हाला ठाऊक आहे." आणि मग तिने, बेळगावच्या सरळपणाने, मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुट्टीने पाहिलं. नोम्साबाईंनीही पाहिलं. माझ्याकडे, माझ्या पोटाकडे, आणि माझ्या हातातल्या गरमागरम पार्सलाकडे.

आमच्या घराण्यात हा नेम पुरुषाने केल्याचं ऐकिवात नाही. करायचा नाही असंही कुणी म्हटलेलं नाही. कुणाला सुचलंच नव्हतं.

"मी बसतो अंड्यावर," मी म्हणालो. "तू साखर घे."

"सकाळी खाल्लंस ना?"

"तीन बशा."

"पेंग्विनही आधीच खातो, आजी," पुट्टी म्हणाली.

आईने पर्समधून सुपारी काढली. ती नेहमी जवळ असते. नारळ नव्हता, ओटी नव्हती. माझ्या तळहातावर तिने ती सुपारी ठेवली आणि माझी बोटं मिटवली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

"दिवा लागेपर्यंत," ती म्हणाली. आणि पाण्याचा पेला घेतला.

पंधरा मिनिटांनी तिला रंग आला. साखरेवर काहीतरी ठोस खायला हवं, असं पुट्टी म्हणाली, आणि ठोस असं एकच काही जवळ होतं. माझे बटाटे आईने एकेक करून सगळे खाल्ले. "व्हिनेगर घातलंय वाटतं. लोणच्यासारखं लागतं. स्वल्प आणखी मीठ हवं होतं."

मी म्हणालो, "आई, बटाटा उपासाला चालतो."

"लोकांच्या. आपल्या नाही."

त्यानंतरच्या आठ तासांवर मी वेगळा ग्रंथ लिहू शकेन. अडीच वाजता मी मुद्दा मांडला की बेंगळुरूत आता सहा वाजले, आपल्या घरी दिवेलागण झाली. आई म्हणाली, "आपण कुठे आहोत?" चारला मला कळलं की शेजारच्या बाई गुरुवारी केक भाजतात. सहाला मी व्हरांड्यात त्या पेंग्विनसारखाच उभा होतो, डोळे अर्धे मिटून, साठा वाचवत. सूर्य जागचा हलत नव्हता. साडेसातला शैला जवळ येऊन उभी राहिली आणि तिने माझा दंड धरला. आठ वाजून तीन मिनिटांनी डोंगराने सूर्य गिळला. आईने दिवा लावला, पोथी वाचली, सावकाश, एक ओळ न गाळता. मग वरणभात. तसा वरणभात मी आयुष्यात खाल्लेला नाही.

बेंगळुरू

तिसरा गुरुवार आम्ही परतल्याबरोबर आला. बुधवारी रात्री आईने माझ्या ताटात आपल्या हाताने पोळी वाढली. "घे अजून एक. उद्या बसायचंय." ऑफिसात कॅन्टीनवाल्याने विचारलं, "साहेब, तब्येत बरी नाही?" मी म्हणालो, "अंड्यावर बसलोय." तो दिवसभर माझ्यापासून जरा लांबून चालला.

आई आता गुरुवारी सकाळी डायनिंग टेबलाशी, सगळ्यांसमोर, दोन इडल्या खाते. पहिल्या दिवशी घास घशाखाली उतरायला वेळ लागला. तिने माझ्याकडे बघितलं, मी खिशातली सुपारी काढून दाखवली, मग तिने चटणी मागितली.

चौथ्या, शेवटच्या गुरुवारी मी घरूनच काम केलं. दुपारी पुट्टीचा फोटो आला. ते झुडूप, त्याखाली पिसांचं रिंगण, आणि मधे कुणी नाही. आईने फोन डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"गेला जेवायला," ती म्हणाली, आणि पदराने चष्मा पुसला.

चार वाजता माझं डोकं दुखू लागलं. साडेचारला मी सोफ्यावर आडवा झालो आणि छताकडे बघत पडून राहिलो. बाहेर उजेड होता. रस्त्यावरून हॉर्न ऐकू येत होते. दिवेलागणीला अजून बराच वेळ होता, आणि ज्या बाईने मला जन्म देऊन दिव्याची वाट पाहिली होती, तिच्याकडे सवलत मागण्यात अर्थ नव्हता.

तेवढ्यात काडी ओढल्याचा आवाज आला.

मी उठून बसलो. पाटासमोर आई निरांजन लावत होती. खिडकीत ऊन तसंच होतं.

"आई, अजून सूर्य आहे."

"मला दिसतो." तिने वात सारखी केली, देवीला हात जोडले आणि आमच्याकडे पाठ करूनच हळू आवाजात म्हणाली, "आई, समजून घे. त्याची कोठी संपली."

मग पोथी उघडली. शैला स्वयंपाकघरात ताट वाढत होती. आणि आई, जिने पंचावन्न वर्षांत एक ओळ गाळली नव्हती, ती दोन-दोन पानं उलटत होती.